शेखचं डोकं आणि जराफची वाट

काम काय करतोस असं हिझामला कुणी विचारलं, की तो सांगायचा, "ढोल टांगतो." त्यात मुद्दाम खवचटपणा होता. त्याचं घराणं न्हाव्या-ढोलकऱ्यांचं. आमच्या बैत नुमैरमध्ये लग्न असो, सुंता असो, नाहीतर पाहुण्या टोळीचं स्वागत असो, ढोल हिझामच्या बापाने बडवायचा, डोकी त्याच्या काकाने भादरायची आणि बैल त्याच्या चुलतभावांनी शिजवायचा. जेवायला मात्र सगळ्यांनी दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचं. हिझामने ढोल बडवायला साफ नकार दिला. शहरात गेला, मनोऱ्यावर चढायचं काम शिकून आला आणि फोनच्या कंपनीने आमच्या डोंगरावर जो लोखंडी मनोरा उभा केला होता, त्यावर पांढरे गोल डबे बसवायला लागला. ते डबे दिसायला हुबेहूब ढोल.

"बापाने ढोल बडवला, पोराने आभाळात टांगला," असं पहिल्यांदा मीच म्हणालो. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे ते त्याला लगेच ऐकू गेलं. पलीकडून उत्तर आलं, "अबू लुत्फ, बापाचा ढोल तुझ्या लग्नात वाजला होता. तेव्हापासून तुझ्या घरातली भांडी वाजतायत."

माणूस असा होता. डोळ्यांत सुरमा, फेट्यात तुळशीची काडी, मिशा तेल लावून वर वळवलेल्या. मनोऱ्यावर चढताना खाली बाया पाणी भरायला आल्या असतील तर हमखास एका हाताने चढायचा.

ते ढोल वाजत नाहीत, एकमेकांकडे बघतात. एक आमच्या डोंगरावर, दुसरा दरीपलीकडे जराफ गावाच्या डोक्यावर. दोघांची नजर एकमेकांत रुतलेली पाहिजे. वादळाने एखादा केसभर जरी वळला, तरी बोलणं दरीत पडतं. मग हिझाम कमरेला जाड पट्टा बांधून वर जायचा, छातीवर मीटर लटकवायचा, नट ढिला करून ढोल जरासा फिरवायचा आणि आकडा बघायचा. त्यातली गोम त्याने मला एकदा कॉफीच्या टरफलांचा किशर पिता पिता सांगितली होती. ढोल फिरवताना आकडा चढतो आणि उतरायला लागतो. अडाणी माणूस म्हणतो, सापडलं, आणि तिथेच नट आवळतो. पण ती कधी कधी नुसती टेकडी असते, खरं शिखर पुढे असतं. म्हणून हिझाम पहिल्या चढावर कधीच थांबत नसे. बायको बघतानाही त्याने हेच केलं. चार घरांतला किशर पिऊन झाल्यावर जराफच्या ढोलकऱ्याची गालिया त्याला पसंत पडली. शिखर खरं होतं, पण त्याच्याबरोबर सासू आली.

जराफ म्हणजे दरीच्या तळाचं गरीब गाव. तिथली निम्मी तरणी पोरं सौदीत, कुणी बांधकामावर, कुणी शेळ्यांमागे. कामावरून सुटली की असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर ती घरी फोन करायची. त्या वेळी जराफच्या बाया हातातलं पीठ तसंच ठेवून, फोन कानाला लावून गच्चीवर उभ्या असायच्या. गावाचा पोरांशी संबंध उरला होता तो तेवढाच.

आणि नेमका त्याच वेळी फोन मरायला लागला.

सकाळी ठणठणीत. दुपारचं जेवण झालं, की आवाज चिरकायचा, मग तुटायचा. दिवेलागणीला पुन्हा ठीक. हिझाम रोज सकाळी वर जाऊन ढोल तपासायचा, नट आवळायचा, आकडा उत्तम यायचा. दुपारी पुन्हा मयत. कंपनीचा शहरातला साहेब फोनवर म्हणाला, उन्हाने हवा तापते, त्याने होतं. जराफवाले म्हणाले, ढोलकऱ्याच्या पोराला ढोलसुद्धा धड जमत नाही. सासूने तर निरोपच पाठवला, की मुलगी देताना आम्ही मिशा बघितल्या, हात बघायचे राहिले.

मी म्हणालो, "तुझं तर बरंच झालं की. दुपारचा सासूचा फोन वाचतो."

"अबू लुत्फ, तेवढ्यासाठी मी तो बंद ठेवलाही असता," तो म्हणाला. "पण मी न करता तो बंद पडतो, हे मला खपत नाही."

मग रमजान आला. रमजानात आमची घडी उलटी होते. दिवसभर तोंड बंद, आणि कातचा तरतरी आणणारा पाला दुपारऐवजी रात्री चघळायचा. चार-सहा रोजे झाले असतील, हिझाम सकाळीच माझ्या दारात.

"शेजारी, रमजानात दुपारची जागा सोडून रात्रीत जाऊन बसते अशी गोष्ट कोणती?"

"माझी झोप."

"ती तुझी बाराही महिने असते. आणखी?"

"मग कात."

"फोनही तिथेच गेलाय," तो म्हणाला. "दुपारी स्वच्छ चालतो आणि रात्री मरतो. उन्हाने हवा तापते म्हणे. रात्री कुठलं ऊन?" आणि तो माझ्या डोक्यावरून वर बघायला लागला. मीही मान वळवली. वर शेख जुब्रानचं घर होतं, गावाच्या सोंडेवरचं पाच मजली. त्यावर शेखने मागच्या वर्षी नवा मफ्रज चढवला होता. मफ्रज म्हणजे माथ्यावरची बैठक, चारी बाजूंना लांबलचक खिडक्या, म्हणजे कात चघळताना दरी दिसावी. शेखच्या मेहुण्याचं घर एका मजल्याने उंच होतं, हे त्याला सहन झालं नव्हतं.

आमचा मनोरा सोंडेच्या मागे आणि जराफ पुढे. दोन ढोलांची नजर बरोब्बर त्या खिडक्यांतून जात होती. बैठक रिकामी असली की काचांतून आवाज जेमतेम पार व्हायचा. दुपारी गावातले मानकरी गादीला टेकून, गालात पाल्याचा गोळा धरून बसले, की जराफची वाट त्यांच्या फेट्यांत अडकायची. त्या फेट्यांत एक माझाही होता, पण मी दाराजवळ बसायचो आणि माझं डोकं लहान आहे.

ईद झाल्यावर हिझाम मफ्रजमध्ये आला. दाराशी, चपलांच्या शेजारी बसला. शेखने विचारलं, "काय रे, जराफचं दुखणं सापडलं का?"

"सापडलं, शेख. तुमचं डोकं वाटेत आहे."

चघळणं थांबलं. शेख आधी हसला, कारण त्याला वाटलं ही गंमत आहे आणि बैठकीत गंमत करायचा हक्क फक्त माझा होता. हिझामने मग खिडकीकडे बोट दाखवून सगळं समजावलं. शेख भिंतीला रेलून ऐकत होता. जागचा हलला मात्र नाही. मानाची जागा खिडकीची, आणि ती त्याची.

"मग तुझा ढोल फिरव," शेख म्हणाला. "माझ्या मेहुण्याच्या टेकडीकडे कर. तिथे मोठं गाव आहे, कंपनीही खूश होईल."

"मग जराफ?"

"जराफवाले पूर्वी चिठ्ठ्या पाठवायचे. पाठवतील पुन्हा."

"ढोल फिरणार नाही."

"बघ हं," शेखच्या शेजारचा एक जण म्हणाला, "सासरची बाजू घेतोय."

"सासरचा फोन बंद पडावा म्हणून मी नवस बोलेन," हिझाम म्हणाला. "पण वाट माझी नाही, जराफची आहे. मफ्रज वर्षाचा, वाट त्याच्या आधीची. आपल्या रिवाजात वाटेवर भिंत घालणाऱ्याला काय म्हणतात, ते शेखला माझ्याहून जास्त ठाऊक."

तो शब्द त्याने उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या कानात वाजला. आमच्यात वाट तोडणं म्हणजे कलंक. बाजाराची वाट, पाण्याची वाट, पाहुण्याची वाट, यांना कुणी हात लावत नाही, वैरीसुद्धा नाही. शेख म्हणाला, "बाहेर हो."

दोन दिवसांत शहरातल्या साहेबाचा हुकूम आला, ढोल मेहुण्याच्या टेकडीकडे फिरवायचा. मनोऱ्याची जमीन शेखची, कंपनीला शेख हवा होता. हिझामने फोन माझ्यासमोरच घेतला. मी कान लावून बसलोच होतो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही या आणि फिरवा," आणि फोन खिशात टाकला.

"नोकरी जाईल, लेका," मी म्हणालो.

"जाऊ दे. ढोलकरी उपाशी मरत नाही, लग्नं होतच असतात."

"तू वाजवणार? तूच?"

तो मिशी पिळत राहिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याने जे केलं, ते आमच्या डोंगरात आधी कुणी केलं नव्हतं. बाजारात हाज दैफल्ला बसतो. दुसऱ्या टोळीचा म्हातारा, कुणाचा मिंधा नाही, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात निवाडे होतात. निवाडा हवा असेल तर कमरेचा खंजीर काढून त्याच्यापुढे ठेवायचा. खंजीर म्हणजे माणसाची अब्रू. ती त्याच्या हातात दिली, की निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी वादातल्या गोष्टीला बोट लावायचं नाही. पण न्हाव्या-ढोलकऱ्यांचा खंजीर या कामी कुणी धरत नाही. त्यांच्या वतीने त्यांच्या शेखने ठेवायचा असतो. आणि हिझामचा शेख कोण? जुब्रान.

हिझामने कमरेचा चढायचा पट्टा सोडला, लोखंडी कड्यांसकट, आणि हाजच्या पुढ्यात टाकला.

हाजने काठीने तो उलटा केला. "हे काय? गाढवाचा तंग?"

बाजार हसला. मीही हसलो, खोटं का बोला.

"माझा पट्टा आहे, बाबा. नावही माझं हिझाम, म्हणजे पट्टाच. लोकांच्या खंजिरावर त्यांची अब्रू टांगलेली असते. मी या पट्ट्यावर अख्खाच टांगलेला असतो. जराफच्या वाटेचा निवाडा मागतो, शेख जुब्रानवर."

"तुला ठाऊक आहे, तुझा माल मी धरायलाच हवा असं नाही."

"ठाऊक आहे. न धरलात तर तो इथेच पडून राहील. मी उचलणार नाही."

हाज बराच वेळ दाढी खाजवत बसला. मेथीचा फेस घातलेला सल्ता, त्याचा दुपारचा रस्सा, समोर उकळत होता, तोही तसाच राहिला. मग त्याने पट्टा उचलला, वजन बघितलं आणि मांडीखाली सरकवला. "खंजिरापेक्षा जड आहे," एवढंच म्हणाला.

झालं. हिझामची चाल आमच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. पट्टा हाजच्या मांडीखाली, म्हणजे हिझाम चढू शकत नाही, म्हणजे ढोल फिरवू शकत नाही. वर तो ढोलच वादात, म्हणजे दुसराही कुणी हात लावू शकत नाही. कंपनीने शहरातून दुसरा चढणारा पाठवला, तर मनोऱ्याच्या पायाशी जराफची माणसं बसलेली. म्हणाली, "भावा, वर अमानत आहे." तो पोरगाही टोळीतलाच. त्याने दोर गुंडाळला, माझ्याकडे चहा प्याला, मनोऱ्याचा फोटो काढला आणि परत गेला.

शेखची पंचाईत झाली. निवाडा नाकारला तर बाजारात तोंड दाखवायची चोरी. आणि मानला, तर आजोबांचा खंजीर, गेंड्याच्या शिंगाची पिवळी मूठ असलेला, त्या गाढवाच्या तंगाशेजारी ठेवायचा. महिनाभर तो आजारी पडला. मग मोठ्या मुलाच्या हाती, रुमालात गुंडाळून, खंजीर गेला.

हाज दैफल्ला मफ्रजमध्येच निवाडा ऐकायला आला. पाच मजले चढून दम लागला होता, त्यामुळे तो आधीच शेखवर चिडलेला.

"रस्त्यावर पाऊल उमटतं," शेख म्हणाला. "शेण पडतं. बाजाराच्या दिवशी धूळ उडते. या पोराच्या वाटेवर काय दिसतं, ते त्याने दाखवावं."

"दिसत काहीच नाही," हिझाम म्हणाला. "आडवं आलेलं तेवढं दिसतं. ते तुमच्या खांद्यावर आहे."

हाजने काठी आपटली. "याचा दंड लागेल तुला. आता जराफला फोन लावा."

आम्ही बारा-पंधरा जण बसलो होतो. फोन लागला नाही. "सगळे खाली," हाज म्हणाला. आम्ही सगळे पाच मजले खाली. फोन लागला. जराफचा एक म्हातारा पलीकडून विचारत होता, पाऊस झाला का. "सगळे वर." फोन मेला. हाजचा विश्वास बसेना. पुन्हा खाली, पुन्हा वर. मानकऱ्यांच्या धापांनी जिना भरला; एक जण तिसऱ्या मजल्यावर बसला तो तिथेच राहिला. शेवटी हाज म्हणाला, "आता एकटा शेख वर बसेल." शेख एकटा खिडकीपाशी बसला. आवाज गेला नाही, पण चिरकला. गावभर मी सांगताना पूर्णच गेला असं सांगितलं आणि आता तेच खरं आहे.

निवाडा झाला तो असा. वाट आधीची, मफ्रज नंतरचा. ज्यावरून लोकांचं येणं-जाणं होतं ती वाट, मग पायाने असो की तोंडाने. शेखने मफ्रज उतरवावा, वाट मोकळी होईपर्यंत, आणि बैल कापून दोन्ही गावांना जेवू घालावं. हिझामने शेखच्या डोक्याचा उल्लेख दोनदा केला, त्याबद्दल एक मेंढा द्यावा आणि शब्द मागे घ्यावा.

"मेंढा देतो," हिझाम म्हणाला. "शब्द कसा मागे घेऊ? डोकं होतं तिथेच."

हाजने त्याच्याकडे रोखून बघितलं. "मग दोन मेंढे दे."

"दोन देतो."

जेवणाच्या दिवशी शेखच्या अंगणात बैल शिजला. जराफचे लोक दरी चढून आले, बायका वेगळ्या गच्चीवर. रिवाज असा, की जेवणाआधी अमानती परत व्हायच्या, प्रत्येकाने दुसऱ्याची वस्तू हाताने उचलून त्याच्या हातात द्यायची. हिझामने शेखचा खंजीर दोन्ही हातांनी धरून दिला, नीट, मूठ पुढे करून. शेखने पट्टा पायाने पुढे सरकवला.

हिझाम वाकला नाही.

"उचल," शेख म्हणाला.

"उचलून देतात, शेख."

"ढोलकऱ्याच्या हातात मी द्यायचा?"

"माझ्या हातात."

वास काही गप्प बसत नव्हता. चुलीवरच्या कढयांना झाकणं होती आणि झाकणांवर हिझामचे तीन चुलतभाऊ. दुपार कलली. जराफच्या पोरांनी पाणी पिऊन घेतलं. कुणीतरी ओरडला, "अरे, वाढा आता."

थोरला चुलतभाऊ डाव पुसत म्हणाला, "कसं वाढू, काका? अमानत जमिनीवर आहे. रिवाज आहे."

"तू रिवाज शिकवतोस?"

"मी नुसता बैल शिजवतो. पण जास्त शिजला तर दोष मला देऊ नका."

मी शेखच्या कानाशी लागलो. म्हणालो, "शेख, मांस हाडाला सोडायला लागलंय. अजून थोडं थांबलात, तर पाहुण्यांना रस्साच प्यावा लागेल आणि जराफवाले ते सात पिढ्या सांगतील." शेखने माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच दोन पावलं मागे सरलो. पण त्याची नजर कढयांकडे गेली होती. मग तो वाकला. गुडघे कडकन वाजले, ते सगळ्यांनी ऐकले. पट्टा उचलला, त्याची कोणती बाजू वर असते हे त्याला कळेना, म्हणून तसाच लोंबकळत पुढे धरला.

हिझामने घेतला, कमरेला बांधला, कडी खाड्कन अडकवली आणि जेवायला हाजच्या शेजारी बसला. जागा रिकामी होती. कुणी ऊठ म्हणालं नाही.

मफ्रज उतरवायला जराफचे गवंडी आले. हिझाम मनोऱ्यावर मीटर लटकवून बसला आणि तिथूनच हात करायचा. छत गेलं. खिडक्या गेल्या. शेख अंगणात खुर्ची टाकून बसला होता, गालात पाला, आणि दगडाचा एकेक थर उतरताना बघत होता.

"झालं का?" तो खालून ओरडला.

वरून हात आला, अजून एक.

थर उतरला. जराफच्या गच्चीवरून बायांच्या फोनच्या घंट्या इकडे ऐकू येतील की काय, अशी शांतता होती. "आता झालं?"

अजून एक.

"अरे, आता माझ्या गुडघ्याएवढीच भिंत राहिली. मी काय गुडघ्याने बसतो का?"

हिझामने मीटरकडे बघितलं, मिशीला पीळ दिला आणि पुन्हा एक बोट वर केलं. गवंड्यांनी तोही थर काढला.

तो शेवटचा थर आकड्यासाठी होता की हिझामच्या मनासाठी, हे मी त्याला भिंतीतून अजून विचारतो. तो म्हणतो, आकड्यासाठी. पण सांगताना हसतो, ते मला पलीकडून ऐकू येतं.